वायसर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर देतात आणि माणसांना नावं ठेवतात. पहिलीपासून चौदावीपर्यंतच्या गल्ल्या आपापला नंबर घेऊन मुकाट उभ्या आहेत. त्यावरून कुणाचं भांडण झालेलं ऐकिवात नाही. माणसांच्या नावांवरून मात्र होतात. आमच्या गल्लीत एक वकील आहेत, ते 'पुढची तारीख'. निवृत्त हेडक्लार्क आहेत, ते 'आवक-जावक'. मी शाळेतून निवृत्त झालो तरी मला तोंडावर अजून 'सर' म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही. आणि माझ्या शेजारचे अण्णा म्हणजे 'वायसर'. गल्लीचा नंबर मी इथं देत नाही. त्याला कायदेशीर कारण आहे, ते पुढं येईल.

वायसर म्हणजे नटाखाली घालायची ती भोकाची चपटी चकती. वर्गात मी तिला वॉशर म्हणायचो. उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडं वायसर म्हणतात, आणि वस्तू तिथं मिळते, माझ्या वर्गात मिळत नव्हती, तेव्हा शब्द त्यांचाच बरोबर. अण्णांच्या शर्टाच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण चार-पाच वायसर खुळखुळत असतात. एकदा मारुतीच्या ताटात त्यांच्या हातून दोन रुपयांच्या जागी वायसर पडला. पुजाऱ्यानं तो संध्याकाळी घरी आणून दिला, एवढी त्यांची ख्याती.

दोन वस्तूंत राहिलेली फट हेच जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ, असं अण्णांचं मत. टेबल डुगडुगतंय? वायसर. कुकरची शिट्टी बसत नाही? वायसर. पुतणीला पुण्याचं स्थळ आलं. मुलाकडची मंडळी शब्द मोजून बोलणारी आणि इकडची सगळी एकाच वेळी बोलणारी. घरात चलबिचल सुरू झाली, तेव्हा अण्णा म्हणाले, "बसतंय की! मधी एक वायसर टाकायचा." लग्नाच्या चार दिवसांत दोन्ही घरांच्या मधे ते स्वतःच जाऊन बसले. लग्न नीट पार पडलं. वायसरचं काय होतं ते कुणी विचारत नाही. अण्णांचा घसा महिनाभर बसला होता.

पण हे सगळं फावल्या वेळचं. अण्णांचं खरं आयुष्य दारातल्या फरशीवर, दोन विटा आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभं आहे. ती आबांची गाडी. आबा म्हणजे अण्णांचे वडील. वय शहाऐंशी, पांढरी टोपी, हातात काठी, दुसऱ्या हातात तंबाखूची चंची. दारातल्या लोखंडी खुर्चीत सकाळी बसतात ते दिवेलागणीला उठतात. त्यांनी १९९० साली आरएक्स १०० घेतली, आणि आरसी बुकात मालक म्हणून आजही त्यांचंच नाव आहे. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो: ही गाडी एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या साथीनं १९८५ मध्ये भारतात आणली आणि १९९६ मध्ये बंद केली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद अकरा घोड्यांची, अंगानं शंभरेक किलोची. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला साधारण नऊ किलो ओझं. त्यामुळं क्लच सोडला की घोडे उधळायचे. तिचा तो खणखणीत टू-स्ट्रोक आवाज ऐकला की आमच्या पिढीचे चष्मेवाले लोकही अजून माना वळवतात. कोल्हापुरात तिला 'आरएक्स' एवढंच म्हणतात, तेही घरातल्या थोरल्या लेकीचं नाव घ्यावं तशा आवाजात.

आबांनी तिच्यावरून गावाकडच्या शेतात युरियाची पोती नेली, येताना दुधाचे कॅन आणले, मधे कधी तरी आक्कांना, म्हणजे अण्णांच्या आईला, दवाखान्यात नेलं. त्या काळात गाडीला मागं पावणेतीन इंचाचा टायर होता. पावणेतीन इंच म्हणजे सत्तर मिलिमीटर, आडवी धरलेली चार बोटं. त्या चार बोटांवर सगळं घर चाललं.

अण्णांना ती चार बोटं एके दिवशी अचानक बारीक दिसायला लागली. दिवसही सांगता येईल. २००८ साली यामाहाचीच एफझी आली, मागं १४० मिलिमीटरचा टायर घेऊन. गल्लीतल्या एका पोरानं ती आणून नेमकी आरएक्सशेजारी उभी केली. अण्णा दुकानातून जेवायला आले, दोन्ही गाड्यांच्या मागं उकिडवे बसले आणि जेवण गार होईपर्यंत उठले नाहीत. तालमीतल्या पैलवानाच्या शेजारी आपलं पोरगं उभं राहिल्यावर बापाला जे वाटतं, ते त्यांना वाटलं असावं.

"सर," रात्री ते माझ्या दारात आले, "येता काय जरा? पाच मिंटाचं काम हाय. बॅटरी धरायची."

त्या पाच मिनिटांना आता सतरा वर्षं झाली.

बॅटरी धरणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. उजेड पाहिजे तिथं कधीच पडत नाही, हा बॅटरीचा मूळ स्वभाव. तो नटावर पाडला तर अण्णांना बोल्ट बघायचा असतो, बोल्टवर पाडला तर त्यांचं डोकं मधे येतं. "सर, उजेड मला नको, त्याला दावा," असं त्यांनी म्हटलं की समजायचं, आता नट हरवलेला आहे. पस्तीस वर्षं पोरांना मी प्रकाश सरळ रेषेत जातो असं शिकवलं. आमच्या गल्लीत तो अण्णांच्या टकलावरून परावर्तित होऊन जातो.

पहिल्या वर्षी अण्णांनी जुन्याच रिमवर जाड टायर चढवला. टायर बसला, पण फुगून गोल झाला. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की त्याचे दोन्ही काठ जवळ ओढले जातात आणि मधला भाग फुग्यासारखा वर येतो. मग जमिनीला टेकतो तो जेमतेम जुन्या टायराएवढाच. म्हणजे वजन वाढलं, पैसे गेले आणि टेकली तीच चार बोटं. तेव्हा रुंद रिम आली. रुंद रिम म्हणजे नवे स्पोक, आणि नवे स्पोक म्हणजे आऊट काढणं आलं. चाक फिरवायचं, खडू स्थिर धरायचा, जिथं खडू लागेल तिथली तार ढिली करायची, समोरची आवळायची. हे काम करणारे एक म्हातारे मेस्त्री अण्णांनी शोधून काढले होते. ते चाक कानाशी धरून स्पोकांवर नखानं टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, "ह्यो रडतोय." सगळ्या तारा एका सुरात येईपर्यंत चाक सोडायचे नाहीत. चाक घरी आलं तेव्हा तानपुऱ्यासारखं लागलेलं होतं. पण ते चिमट्यात जाईना.

चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा तो लोखंडी काटा. कंपनीनं तो पावणेतीन इंचाच्या हिशेबानं केलेला. आणि इथं आबांनी काठी आपटली. "चेसीला करवत लावायची न्हाई. वेल्डिंग मारायचं न्हाई. गाडी माज्या नावावर हाय. जे काय करायचं ते नटबोल्टात कर."

अण्णांचे सगळे वायसर या एका वाक्यातून जन्मले. दुसरा कुणी असता तर त्यानं कापलं असतं, जोडलं असतं, घासून रंग मारला असता आणि आठवड्यात मोकळा झाला असता. अण्णांना बापाचा शब्द मोडायचा नव्हता आणि टायरही सोडायचा नव्हता. मग उरलं काय, तर बुश, स्पेसर, क्लॅम्प आणि वायसर. सुदैवानं घर राजारामपुरीत आहे. इथून चालत उद्यमनगर. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचं नाव आजही कानाला हात लावून घेणारं हे गाव. मोठे कारखाने आणि फौंड्र्या शिरोलीला, गोकुळ शिरगावला गेल्या, तरी उद्यमनगरात अजून एका हाकेच्या अंतरावर लेथ, ड्रिल, शेपर सगळं मिळतं. अण्णा कागदावर माप लिहून नेत नाहीत. चिमटी तयार करतात, दोन बोटांत हवा पकडतात आणि "एवढं" म्हणतात. लेथवाला ती हवा कॅलिपरनं मोजतो. आश्चर्य म्हणजे बुश बरोबर येतो.

दुसऱ्या गाडीचा रुंद चिमटा बसला. त्यात १३० मिलिमीटरचा टायर आणि मॅक व्हील बसलं. आता चेन टायरला घासायला लागली. साहजिक आहे: टायर सत्तराचा एकशेतीस झाला की दोन्ही अंगांनी तीस-तीस मिलिमीटर बाहेर येतो, आणि चेन बिचारी पूर्वीच्याच वाटेनं जाते. मग मागची गरारी बाहेर सरकवली. मग पुढची सरकवली, कारण दोन्ही एका रेषेत नसतील तर चेन उतरते. पुढची बाहेर आल्यावर चेनचा ओढा इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाला लांबून बसायला लागला, बेअरिंग कुरकुरलं, सील गेलं आणि फरशीवर ऑईलचा थेंब पडला. आबा म्हणाले, "गळाय लागली काय? आदी कदी गळली न्हवती." अण्णांनी थेंबाखाली बशी ठेवली. ती बशी वहिनींच्या लग्नातल्या सेटमधली होती, एवढंच नमूद करतो.

इथं वहिनींबद्दल सांगायला पाहिजे. मेन रोडवर त्यांचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बोर्डावर नाव अण्णांचं, गल्ल्यावर वहिनी. आमच्याकडच्या बायकांसारखं त्याही 'जातो', 'येतो', 'करतो' असंच बोलतात. पुण्याच्या व्याह्यांना पहिले दोन दिवस आत कोण पुरुष आहे ते कळेना. रोज सकाळी किल्ल्यांचा जुडगा वाजवत त्या बाहेर पडतात आणि फरशीकडं न बघता म्हणतात, "मी दुकान उघडतो. तुम्ही बसा वायसर घालत." यात राग नसतो. नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, रात्री कुठं असतो तर दारात असतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे. फक्त दसऱ्याला त्या झेरॉक्स मशीनची पूजा करताना जरा जास्त वेळ हात जोडून उभ्या राहतात, कारण घरातलं चालतं यंत्र ते एवढंच.

मागचा टायर झाल्यावर पुढचे शॉकअप बारीक दिसायला लागले. हा रोग असाच चढतो. एक गोष्ट सुधारली की शेजारची आपोआप बिघडते. घराला रंग दिला की पडदे जुने दिसतात, त्यातलाच प्रकार. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ड्यूक बाहेर पडली. तिचे पुढचे शॉकअप उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत दांडी खाली. जाडी ४३ मिलिमीटर. एका अपघाती ड्यूकचे शॉकअप अण्णांना जुन्या बाजारात मिळाले. गोणपाटात गुंडाळून त्यांनी ते रिक्षातून आणले, मांडीवर आडवे धरून, बाळंतिणीला घरी आणतात तसे. मग हँडलखालचा दांडा आखूड पडला. लेथ. बेअरिंग सैल पडलं. बुश. राहिलेल्या फटीत काय गेलं, ते सांगायला नको. स्पीडोमीटरची केबल जुन्या चाकातून फिरायची, ती नव्या चाकाला बसेना. तेव्हापासून काटा शून्यावर आहे. सतरा वर्षांतला या गाडीचा सरासरी वेग पाहिला तर काटा खरंच बोलतो.

आणि मागं मोनोशॉक. होंडाच्या युनिकॉर्नला तो २००४ मध्येच आलेला, पण अण्णांच्या मनात भरला उशिरा. दोन शॉकअप काढायचे आणि सीटखाली मधोमध एकच जाड स्प्रिंग घालायची. यातली मेख मला अण्णांनी पहारेवर शिकवली. पहारेच्या टोकाशी रेटलं की दगड अलगद उचलतो, टेकूजवळ रेटलं की जीव जातो. जुने शॉकअप चाकाजवळ, म्हणजे पहारेच्या टोकाशी होते, त्यांना थोडी ताकद पुरायची. नवा टेकूजवळ आला, त्याला कितीतरी कडक स्प्रिंग पाहिजे. शिवाय कंपनीनं चेसीला बळ दिलंय ते सीटखालच्या दोन टोकांना, मधल्या नळीला नाही. "मग?" मी विचारलं. "मग काय, क्लॅम्प मारू दोन. आनि मधी…" पुढचं आम्ही दोघांनी मिळून म्हटलं.

गाडी तयार झाली. दिसायला खरंच देखणी दिसायची, खोटं कशाला बोला. मागून पाहिलं तर छाती काढून उभी. प्रश्न एवढाच होता की शॉकअप दबेनात. ते केलेले होते जड आणि दांडग्या गाडीसाठी, आणि ही शंभरेक किलोची. त्यांना वाटायचं, वर कुणी बसलंच नाही. शॉकअप जुळवायची रीत अशी की माणूस बसल्यावर ते एकूण हालचालीच्या साधारण चौथा-तिसरा हिस्सा खाली यायला हवेत. अण्णांनी वहिनींचा शिवणाचा टेप लावला. ते बसले, अर्धं बोट. मी मागं बसलो, अर्धंच बोट. शेवटी कोपऱ्यावरच्या तालमीतून एक पैलवान बोलावला, एकशेवीस किलोचा, आंघोळ करून निघालेला. तो बसला, उठला, पुन्हा बसला, हँडलला रेटा दिला. शॉकअप इंचभर गेले. पैलवान म्हणाला, "अण्णा, चांगला मेहनतीचा हाय," आणि दूध पिऊन गेला.

चाचणी रात्री अकराला, रस्ता मोकळा झाल्यावर. जनता बझार चौकातून सायबर चौक आणि तिथून विद्यापीठाच्या रस्त्यानं पुढं, असा बेत. मी बॅटरी घेऊन माझ्या बिनगिअरच्या स्कूटरवर मागं. वाटेतले सगळे खड्डे अण्णांच्या पाठीतून मला दिसत होते. टू-स्ट्रोकचा तो खणखणीत आवाज होता, धूर होता, ऐट होती. फक्त गाडी पुढं जात नव्हती. घोडे अकराच, आणि ओढायला चाकं दुप्पट वजनाची. फिरणाऱ्या चाकाचं ओझं म्हणजे पाठीवरचं नव्हे, पायातलं. जड बूट घालून पळण्यासारखं. वळणावर गाडी झोपायलाच तयार नाही. रुंद टायर उभं राहायला शिकलेला असतो. सायबर चौकाच्या अलीकडं माझी स्कूटर माझ्या मनात नसताना त्यांच्या पुढं निघाली. मी ब्रेक दाबला. काही गोष्टी शेजारधर्मात बसत नाहीत.

परतल्यावर अण्णा थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "पिकअपचं काय हाय सर, कार्बोरेटर बदलला की झालं." मग खाली बसायला गेले आणि तसेच अर्ध्यावर थांबले.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला, मग आणखी मोठा फोटो झाला. डॉक्टरांनी मणक्याचं मॉडेल हातात घेऊन समजावलं: हे दोन मणके, ही त्यांच्या मधली चकती, ती धक्के पचवते, ती सरकली आहे. अण्णा उताणे पडल्या पडल्या उजळले. माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "सर! वायसर!" डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं आणि आधुनिक शॉकअप घातलेल्या गाडीवर सहा महिने बसायला मनाई केली. आबा दारातून म्हणाले, "बैलगाडीत जलम काडला, मणका सरकला न्हाई. तिला शॉकअप न्हवतं म्हनून आसंल."

त्या तीन आठवड्यांत अण्णांच्या उशाशी बसून मी जगाचा बराच इतिहास ऐकला. विलायतेत पन्नास-साठच्या दशकात पोरं नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन बसवायची आणि त्या गाडीला ट्रायटन म्हणायची. राज कपूरच्या 'बॉबी'त जी बुटकी राजदूत होती, तिला लोक शेवटपर्यंत 'बॉबी' म्हणाले. बुलेटला पूर्वी दोन्ही चाकं एकोणीस इंची होती. माणसांची नावं अण्णा विसरतात, टायरांची मापं विसरत नाहीत. गल्लीतला नवा भाडेकरू त्यांच्या लेखी 'ते शंभर-नव्वद-अठरावालं पोरगं' आहे. लग्नकार्यात ते मांडवापेक्षा पार्किंगमध्ये जास्त सापडतात, आणि आहेर देऊन परत येतात तेव्हा नवऱ्या मुलापेक्षा त्याच्या मामाच्या गाडीबद्दल अधिक सांगू शकतात.

आता ते कायदेशीर कारण. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम सांगतं की नोंदणीत जी गाडी लिहिली आहे तिच्यात कंपनीच्या मापापलीकडं फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. ती बातमी मीच अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि माळ्याकडं बोट दाखवलं. माळ्यावर युरियाचं पोतं होतं. त्यात मूळ चाकं, मूळ चिमटा, मूळ दोन शॉकअप, मूळ हँडल, सगळं ग्रीस लावून, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते, आणि तेव्हा ती जशी जन्मली तशीच दिसली पाहिजे. "सर, कंपनी मापात हाय की आपली गाडी," अण्णा म्हणाले. "फक्त माळ्यावर हाय." म्हणून गल्लीचा नंबर नाही.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पासिंगची तारीख आली. आठ दिवस आधी पोतं खाली उतरलं. वेल्डिंग कुठंच नसल्यामुळं सगळं निघालं, जसं आत गेलं तसं. क्लॅम्प, बुश, स्पेसर. वायसर तर इतके निघाले की वहिनींनी मोजायला दुकानातलं नाण्यांचं पत्र्याचं ताट दिलं. मग बारीक चाकं आली, बारीक शॉकअप आले, आणि दारात एक किरकोळ, नाजूक, लाजरी गाडी उभी राहिली. गल्लीतली नवी पोरं विचारायला लागली, "अण्णा, दुसरी घेतली?"

पासिंगला आबा स्वतः आले. मालक तेच. मागच्या सीटवर काठी आडवी धरून बसले आणि मी स्कूटरवर मागं. अण्णांनी एका किकेत गाडी सुरू केली, क्लच सोडला, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचे ते अकरा घोडे शाहू मिलच्या रस्त्यानं असे काही उधळले की मला गाठता येईना. आबांची टोपी उडाली. थांबून घेतली, पुन्हा उधळले. पासिंगच्या साहेबांनी चेसीचा नंबर पाहिला, दिवे पाहिले, कागदाकडं आणि गाडीकडं दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "जपून ठेवलीय हो." अण्णांनी मान खाली घातली. येताना घरी आलेच नाहीत. बापलेक तसेच शेतावर गेले. संध्याकाळी आले ते हँडलला भाजीच्या दोन पिशव्या आणि मधे उसाची चार कांडी घेऊन. आबांच्या तोंडावरचं ते हसू मी आक्का गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "हिला म्हनायचं गाडी," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "आता हात लावायचा न्हाई. हाय तशी ऱ्हाऊ दे."

अण्णांनी हात लावला नाही.

पहिले दोन दिवस ते दुकानात गेले. वहिनी मला मेन रोडवर भेटल्या आणि म्हणाल्या, "सर, मी काय करतो, त्यांना बाहेर पाठवतो. गिऱ्हाईकाला झेरॉक्स द्यायच्या आदी कागदाची जाडी बघत बसतात." तिसऱ्या दिवशी ते घरीच बसले. चौथ्या दिवशी मी गेलो तर दारातल्या फरशीवर, गाडीशेजारी, हात गुडघ्याभोवती घेऊन बसलेले. गाडी पुसलेली. पाने पेटीत, पेटीला कुलूप. खिशात काही वाजत नव्हतं. शाहू मिलचा भोंगा बंद झाल्यापासून रात्री दहा वाजले हे गल्लीला अण्णांच्या हातोडीवरून कळायचं. ते चार दिवस गल्ली उशिरापर्यंत जागी राहिली. जेवले का विचारलं तर "हो" म्हणाले, काय जेवले विचारलं तर आठवेना. आबा खुर्चीतून त्यांच्याकडं पाहत होते. तंबाखू मळायला घेतलेली होती, ती मळून झाली तरी अंगठा फिरतच होता.

पाचव्या रात्री साडेनऊला दारावर टकटक झाली.

"सर, येता काय जरा?" अण्णांचा आवाज बदललेला होता. "बॅटरी आना. गाडीखाली ह्यो गावला."

तळहातावर एक वायसर होता.

"सगळं आवळून झालं, पासिंग झालं, शेतावर जाऊन आली, आनि ह्यो उरला! कुटला तरी ऱ्हायला की सर. चाकाचा आसंल तर? आबांना मागं बसवून नेलंय मी." ते तोवर गुडघ्यावर आलेही होते, पेटी उघडी, पाने मांडलेले, ठोकळा गाडीखाली. "आता सगळीच खोलून बगाय पायजे. आनि खोलतोयच तर मागचं चाक जरा…"

त्यांनी वायसर माझ्या हातात दिला आणि चिमट्याचा नट धरला. मी बॅटरी त्याच्यावर पाडली, सवयीनं चुकून, नटाऐवजी. वायसर जुना, गंजका, या गाडीत कुठंच न बसणारा, बहुधा नांगराचा. एका कडेला काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं. मी नखानं खरवडलं.

चुना होता.

मी वर पाहिलं. दारात आबा लोखंडी खुर्चीत बसले होते, चंचीची दोरी आवळत, नजर रस्त्याच्या पार पलीकडं लावून.

"सर," खालून अण्णा म्हणाले, "उजेड मला नको, त्याला दावा."

मी बॅटरी नटावर धरली.